टोपड्याचं ठिगळ आणि एक पॉइंट चारची लेन्स

‘कमी उजेडात फोटो काढायचेत, स्वस्तातली जुनी लेन्स कुठली घेऊ?’ असं मला आजही कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. साताऱ्यात माझा छोटा स्टुडिओ आहे, लग्नं-बारशी करून पोट भरते, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. विचारणारा मोबाइलवर चार लेन्सांचे फोटो दाखवतो. हिच्यावर अमुक लिहिलंय, तिच्यावर तमुक, ताई तुम्हीच सांगा. मी उलट विचारते, की खोली केवढी आहे? तो माझ्याकडे असा बघतो, की बाईला ऐकू कमी येतं की काय. मी त्याच्या जागी होते तेव्हा मीही असंच बघितलं होतं.

तेव्हा आम्ही रहिमतपूरला राहायचो. आई, आबा आणि मी. घराला लागूनच पिठाची गिरणी होती आणि दोघांचा वीजपुरवठा एकाच खांबावरून होता. संध्याकाळी गिरणीचा पट्टा फिरायला लागला की आमच्या स्वयंपाकघरातला बल्ब पिवळा पडायचा, मग तांबूस व्हायचा, आणि आई तव्यावरची भाकरी अंदाजानं उलटायची. भिंतीपलीकडून गरगर, अलीकडे आईच्या हाताची थपथप, आणि मधे आबांचा आवाज. आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. घरातल्या प्रत्येक वस्तूला त्यांनी जागा नेमून दिली होती आणि प्रत्येक माणसाला मत. स्वतःची मतं ते न विचारता द्यायचे.

माझा थोरला भाऊही फौजेत. त्याला आम्ही दादा म्हणायचो. त्यानं एका सुट्टीला येताना कुणा साथीदाराकडून घेतलेला वापरलेला कॅमेरा माझ्यासाठी आणला. कॉलेजात मी फोटोंचं वेड घेतलं होतं, एवढंच त्याला ठाऊक होतं. कॅमेऱ्याबरोबर जी लेन्स आली ती उन्हात बरी होती. माळावरची मेंढरं, उसाच्या गाड्या, शेजारच्या म्हशी, सगळं कसं स्वच्छ. घरात आलं की ती आंधळी व्हायची. आईचा भाकरी थापतानाचा फोटो काढावा तर हात म्हणजे नुसता पांढरा धूर, आणि तोंडावर रवा सांडल्यासारखे ठिपके. आबा मागून डोकावून म्हणायचे, “हालू नगंस म्हणून सांग की आईला.” आई म्हणायची, “मी हालले न्हाई तर भाकरी कोन करनार, तुमचा क्यामेरा?” फ्लॅश मारला की आई पोलिसांनी पकडल्यासारखी दिसायची. जास्त उजेड आत घेणारी, मोठ्या डोळ्याची नवी लेन्स घ्यावी म्हणून किंमत काढली, तर ती ऐकून आबा शांतपणे म्हणाले, “एवढ्यात दुभती म्हस येती.” म्हैस कमी उजेडातही दूध देते, हे त्यांनी त्यापुढे जोडलं. मी ताटावरून उठून गेले.

तरी ते नुसतं वेडच राहिलं असतं. पण वहिनीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात तिला कडेगावला पोचवलं. दादाचं ठाणं त्या वर्षी कुठंतरी बर्फात होतं. आठवड्यातून एकदा तो खाली यायचा, तिथून फोन करायचा. एकदा आईशी बोलून झाल्यावर त्यानं मला फोनवर बोलावलं.

“मने, मला सुट्टी न्हाई मिळत. तीन-चार म्हैनं तरी न्हाई. तू पाचवीला जाशील तवा फोटो काढ. दोघींचा एकत्र, लेकराचा आनि तिचा.”

“दोघी कशावरून? पोरगा झाला तर?”

“पोरगीच हाय. आनि आईक, एकच पाठव. हितं दुसरा उघडत न्हाई, नेट लय हळू हाय. पन चांगला काढ गं. तोच बघत बसनार हाय मी.”

हे शेवटचं वाक्य त्यानं उगीच म्हटलं. तोच बघत बसणार आहे मी. ते ऐकल्यापासून माझी झोप उडाली. कारण वहिनीची आई, ज्यांना मी मावशी म्हणायचे, त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की बाळंतिणीच्या खोलीत तो फाडकन उजेड पाडणारा दिवा चालायचा नाही. लेकराचे डोळे जातात. त्यात पाचवीची संध्याकाळ. सटवाई येऊन लेकराचं नशीब लिहिते ती वेळ. त्यांच्या घरी त्या दिवशी खोलीतला बल्बसुद्धा लावत नाहीत, एकच तेलाचा दिवा, आणि तोही लेकराच्या नजरेला पडू नये म्हणून सुपाच्या आडोशाला. म्हणजे उजेड नाहीच, भिंतीवरून परत फिरलेली त्याची सावली.

मग मी वाचायला बसले. रहिमतपूरच्या नेटकॅफेत, डासांसकट. जगभरातल्या लोकांनी जुन्या, हातानं फिरवायच्या लेन्सांवर इतकं लिहून ठेवलं होतं, की ते लोक फोटो कधी काढतात हाच प्रश्न पडावा. फिल्मच्या काळातल्या लेन्सा, आता कुणाला नको असलेल्या, म्हणून स्वस्त. मधे एक धातूची कडी बसवली की आपल्या कॅमेऱ्याला लागतात. एकावर एक पॉइंट चार लिहिलेलं, दुसरीवर एक पॉइंट आठ, तिसरीवर दोन पॉइंट आठ. आकडा जितका लहान तितका डोळा मोठा, तितका उजेड जास्त. मी वहीत रकाने पाडले. कुठल्या कंपनीची फोकसची कडी मऊ फिरते, कुठली काच पिवळी पडते, कुठलीत बुरशी लवकर धरते. परीक्षेसाठी एवढा अभ्यास केला असता तर आबांनी पेढे वाटले असते. आणि इतकं करून मी एक साधी गोष्ट वहीत लिहिली नव्हती.

कऱ्हाडला स्टँडच्या मागं बाबूकाकांचा जुना स्टुडिओ होता. हे आबांच्या ओळखीचे, लहानपणी आमचे पासपोर्ट फोटो त्यांनीच काढलेले. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात मेलेल्या कॅमेऱ्यांच्या लेन्सा कांद्यांसारख्या पडलेल्या. त्यांनी तीन काढून वर्तमानपत्रावर ठेवल्या. एक पन्नास मिलिमीटरची, एक पॉइंट चार, आत कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दुसरीही पन्नासचीच, एक पॉइंट आठ, स्वच्छ. तिसरी बारकी, अठ्ठावीसची, दोन पॉइंट आठ, रूपाला अगदीच गरीब.

“खोली केवढी हाय?” बाबूकाकांनी विचारलं.

“काका, उजेड लय कमी हाय. एक पॉइंट चारच पायजे.”

“उजडाचं आईकलं. खोली केवढी हाय? तुज्या ह्या नव्या क्यामेऱ्यावर पन्नासची लांबचं बघती. जवळचं मावत न्हाई तिच्यात. अठ्ठावीसची रुंद बघती, तिच्यात मावतंय. हट्टानं मोठा डोळा घेशील, पन मोठ्या डोळ्याची नजर पातळ असती. नाकावर धरलीस तर कान जातोय. दोन मानसं धरायची म्हंजे...”

मी ऐकलंच नाही. मला वाटलं, म्हातारबुवांना नव्यातलं काय कळतंय. माझ्या वहीत एक पॉइंट चारच्या नावापुढं तीन चांदण्या होत्या आणि अठ्ठावीसच्या पुढं काहीच नव्हतं. मी बुरशीवाली उचलली. बाबूकाकांनी सुस्कारा टाकला आणि जोडायच्या कडीसकट ती कागदात गुंडाळून दिली. “ऊन दाखव हिला दोन-तीन दिवस. बुरशी मरंल.”

घरी येऊन कॅमेऱ्याला लावली तर कॅमेरा म्हणतो, लेन्स नाही. बटण दाबावं तर ढिम्म. मी काढली, पुसली, घातली. लेन्स नाही. समोर ढळढळीत दिसतेय, हातात वजन आहे, आणि हे यंत्र तोंडावर सांगतंय की नाही. आबा म्हणाले, “रिपोर्ट मानत न्हाई त्यो. वरिष्ठ हाय.” शेवटी दुसऱ्या दिवशी नेटकॅफेत कळलं, की जुनी लेन्स कॅमेऱ्याशी बोलत नाही म्हणून त्याला ती दिसत नाही, लेन्स नसतानाही फोटो काढ, असं त्याला आतून सांगावं लागतं. सांगितलं, तेव्हा चालायला लागला. तो दिवसभराचा वैताग आठवला की आजही दात-ओठ खाते.

तेवढ्यात कडेगावहून निरोप आला, मुलगी झाली. आईनं सगळी कामं एकदम काढली. डिंकाचे लाडू, खोबऱ्याचा वास घरभर, आणि माळ्यावरचं एक गाठोडं. त्यात दादाचं टोपडं होतं. आईनं स्वतःच्या जुन्या मऊ लुगड्याचं शिवलेलं, पांढरं, काठाला हिरवी किनार. आमच्यात बाराव्या दिवसापर्यंत लेकराला नवं कापड घालत नाहीत. घरातलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं घालायचं. दादानंतर ते मी घातलं, आणि मग इतकी वर्षं आईनं ते जपलेलं. तिनं ते धुऊन गच्चीच्या दोरीवर टाकलं.

त्याच दुपारी मी आबांना म्हटलं, लेन्सला ऊन दाखवायचंय. बुरशीला आतपर्यंत ऊन लागावं म्हणून तिचा डोळा मी पूर्ण उघडून दिला, एक पॉइंट चारवर. आबांना काम म्हणजे काम. त्यांनी पितळी वाटी आणली, म्हणजे लेन्स कलंडणार नाही. काचेला ओरखडा पडू नये म्हणून वाटीत मऊ कापड पाहिजे. त्यांनी गच्चीवर नजर फिरवली आणि दोरीवरचं सगळ्यात मऊ कापड काढून वाटीत घडी करून घातलं. वर लेन्स ठेवली, काच बरोबर सूर्याच्या तोंडाला. आणि खाली येऊन आडवे झाले.

वास आधी गिरणीवाल्याला आला. त्यानं खालून हाक मारली, “आवं हवालदार, काय जाळताय?” मी धावत वर गेले तेव्हा वाटीतून बारीक धुराची रेघ निघत होती. लेन्सला काही झालं नव्हतं. बुरशीलाही काही झालं नव्हतं. टोपड्याला मात्र कपाळाच्या जागी रुपयाएवढं भोक पडलं होतं, कडा तपकिरी.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती गच्चीवर खाली बसली आणि टोपडं मांडीवर घेऊन बोटानं त्या भोकाची कड चाचपत राहिली. मग एवढंच म्हणाली, “सत्तावीस वर्सं ठिवलं. सत्तावीस वर्सांत उंदरानं न्हाई खाल्लं.” आबा म्हणाले, “मी काळजीच घेत हुतो.” आई उठली, खाली गेली आणि आबांचा आवडता पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा काढून कात्री चालवली. “ज्येनं भोक पाडलं त्येचंच कापड,” म्हणाली. गुडघ्याजवळचा चौकोन कापला आणि निळ्या पट्ट्याचं ठिगळ टोपड्याच्या कपाळावर लावलं. टाके मात्र तिनं अगदी बारीक घातले, रागातसुद्धा तिचा हात चुकत नव्हता. आबांनी तो पायजमा नंतर कधी घातला नाही, टाकलाही नाही.

पाचव्या दिवशी आम्ही तिघं कऱ्हाडवरून एसटीनं कडेगावला गेलो. गळीत हंगाम चाललेला, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यावर गाणी ठणाणा. आई आणि आबांच्या मधे मी बसलेली, कारण ती दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. मांडीवर पिशवीत लेन्स. मनात मी फोटो काढूनही टाकला होता.

आणि मग बाळंतिणीची खोली बघितली. धान्याची कणगी होती, गाद्यांची चवड होती, बाजेखाली शेगडी होती. बाज आणि समोरची भिंत यांच्या मधे मी अंग चोरून उभी राहिले तरी दोन्हीकडे टेकत होते. त्या क्षणी मला बाबूकाकांचा आवाज ऐकू आला. खोली केवढी हाय?

दिवेलागणीला मावशींनी पाटा मांडला, वरवंटा ठेवला, सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन ठेवलं. दिवा लावला, सुपाचा आडोसा केला. दार लोटलं, कारण त्या वेळी उंबऱ्यात कुणी थांबायचं नाही. शेगडीत ओव्याची धुरी टाकली आणि खोली धुरानं भरली. वहिनी बाजेवर बसलेली, मांडीवर बाळी, डोक्याला ते टोपडं. मी भिंतीला पाठ लावून कॅमेरा डोळ्याला लावला. वहिनीचं तोंड दिसलं, बाळी नाही. खाली केला, बाळी दिसली, वहिनी हनुवटीपाशी कापलेली. कणगीवर चढायचा प्रयत्न केला, मावशींनी खाली ओढलं.

“वहिनी, तिला वर घ्या. गालापाशी.”

घेतलं. दोघी चौकटीत आल्या. पण नजर पातळ. वहिनीच्या पापण्या धराव्या तर बाळी धुक्यात, बाळीचं नाक धरावं तर वहिनी गेली. हातानं कडी फिरवायची, केसाएवढी इकडं की तिकडं. तेवढ्यात कुणीतरी श्वास घ्यायचं. “हलू नका. परत. वहिनी, थोडं पुढं. तिचं डोकं सरळ. परत.” घाम डोळ्यांत उतरत होता. बाळी रडायला लागली. मी म्हटलं, “हिला गप करा की जरा.” हे मी पाच दिवसांच्या लेकराबद्दल, पाच दिवसांच्या बाळंतिणीला म्हटलं. लिहिताना आज लाज वाटते, पण म्हटलं खरं.

वहिनी स्वभावानं मुकी. लग्न होऊन दोन वर्षं झाली, तिनं मला कधी उलट उत्तर दिलेलं नव्हतं. तिनं बाळीला खाली मांडीवर घेतलं, पदर नीट केला आणि माझ्याकडे बघून हळू म्हणाली, “वन्सं, ह्यो फोटू त्यास्नी बघायचाय, का तुमास्नी दाखवायचाय?”

शेगडीत ओवा तडतडला. मी कॅमेरा खाली घेतला. मला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला. शेवटी वहिनीलाच माझी दया आली असावी. तिनं बाळीला पुन्हा उचललं, आपला गाल टोपड्यावर टेकवला आणि डोळे मिटून म्हणाली, “घ्या. ह्यो शेवटचा.” मी कडी फिरवली, डोळ्यांत पाणी होतं, दाबलं.

दुसऱ्या दिवशी कऱ्हाडला बाबूकाकांच्या कॉम्प्युटरवर सगळे उघडले. पस्तीस फोटो. चौतीस टाकाऊ. पस्तिसाव्यात दोघी एकत्र होत्या. बुरशीमुळे भिंतीवरचा उजेड दुधासारखा पसरलेला. वहिनी मऊ, बाळीचं तोंड त्याहून मऊ, डोळे, नाक, ओठ सगळे पाण्याखाली असल्यासारखे. लख्ख आलं होतं फक्त एक. टोपड्यावरचं ठिगळ. निळा पट्टा, हिरवी किनार आणि आईचा एक एक टाका मोजून घ्यावा असा. बाबूकाका पडद्यापाशी वाकून बघायला लागले. ‘सांगितलं हुतं’ असं ते म्हणाले नाहीत, म्हणून मला आणखी वाईट वाटलं. “टाकं लय झ्याक आल्यात,” म्हणाले आणि तोच पाठवला. दुसरा होताच कुठे?

चार दिवसांनी दादाचा फोन आला. आईनं फोन मधे धरला, आम्ही तिघं भोवती. गिरणी चालू होती, बल्ब पिवळा. “मिळाला,” दादा म्हणाला. मग, “आई, टोपड्याला आबांच्या पायजम्याचं ठिगळ कशापायी?”

आईनं सांगितलं. वाटी, ऊन, गिरणीवाला, सगळं. गेल्या कित्येक दिवसांत ती आबांच्या देखत पहिल्यांदा हसत होती. पलीकडे दादा इतका हसला, की त्याला खोकला लागला. मग हसणं थांबलं आणि तो म्हणाला, “तोंड न्हाई दिसत गं तिचं नीट. कुनासारखी हाय?” आईनं सांगायचा प्रयत्न केला, नाक तुझं, कपाळ तिच्या आईचं. मी उठून गच्चीवर गेले. आज सांगते, दादानं मला तेव्हा शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते. तो कधी एका शब्दानं बोलला नाही.

त्याला सुट्टी मिळायला पाच महिने लागले. तोवर मी बाबूकाकांकडून ती गरीब अठ्ठावीसची आणली होती, आणि बाळी चांगली बाळसेदार झाली होती. वहिनी तिला घेऊन रहिमतपूरला आलेली. दादा दुपारी आला. ओसरीवर ऊन होतं, उजेडच उजेड. वहिनीनं बाळीला त्याच्या हातात दिलं. नवं गुलाबी झबलं, काजळ, हातात काळे मणी. त्यानं तिला धरलं, बघितलं, पुन्हा बघितलं. परक्याचं लेकरू हातात दिल्यासारखा तो अवघडून उभा राहिला. मग इकडंतिकडं बघून म्हणाला, “टोपडं कुठाय?”

आईनं आतून आणून दिलं. त्यानं ओसरीवर बसून ते बाळीच्या डोक्यावर घालायचा प्रयत्न केला. बसेना. मागं ओढलं तर कपाळ उघडं पडे, पुढं ओढलं तर बंद हनुवटीखाली पुरत नव्हते. बाळी चिडून हातपाय झाडायला लागली. “आरं, मोठी झाली ती आता, न्हाई बसायचं,” आई म्हणाली. तरी तो अंगठ्यानं ते ठिगळ तिच्या कपाळावर दाबून धरून बघत होता. मी अठ्ठावीस लावून समोर उभी होते. दोघं मावत होते, तिघं मावत होते, आईसुद्धा मावत होती. मी काढले. सगळे लख्ख आले, आल्बममध्ये आहेत, कुणी बघत नाही.

जायच्या दिवशी आईनं त्याची बॅग आवरताना ते टोपडं वरच्या खिशात घातलेलं पाहिलं. “आरं, हे कशाला नेतोस? ऱ्हाऊ दे, लेकीची आठवण म्हनून तिचा चांगला फोटो ने की. मनीनं एवढं काढल्यात.”

दादानं खिशाची चेन ओढली. “ह्या नव्या फोटोतली पोरगी छान हाय,” तो म्हणाला. “पन ही माझ्या वळखीची हाय.”